नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

चर्चच्या ओसरीवर झोपणाऱ्यांसाठी पांघरुणं, कोरडे मोजे आणि मलमपट्टीचं सामान ठेवून गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. मोज्यांचे तर विशेष! सतत ओल्या राहणाऱ्या पायांची कातडी सोलवटते, जखमा चिघळतात. ज्याला हे सुचलं तो नक्कीच त्यांच्याजवळ बसून बोलला असणार. तुम्ही आधी नाव विचारलंत, फोटो काढले नाहीत, प्रार्थनेला यायची अटही घातली नाहीत. बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात येशू भुकेल्या, उघड्या, परक्या माणसांत स्वतःला धरतो, आणि तिथे कुणाची लायकी तपासलेली नाही. पत्ता नसल्यामुळे कागदपत्रं अडलेल्या आजोबांसोबत रांगेत उभ्या राहिलेल्या ताई, तुमचेही आभार. पांघरुणं धुऊन कपाटात ठेवली आहेत. कुणाला लागली तर खुशाल घेऊन जा.