कापलेली स्ट्रिप आणि बंदी घातलेली गोळी

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

गुहागर तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. आषाढ-श्रावणात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, मग गजकर्ण ठरलेलं. माणूस डॉक्टरकडून बुरशीवरच्या गोळ्या घेतो आणि खाज जात नाही म्हणून शेजाऱ्याने सांगितलेली ॲलर्जीची गोळीही मागतो. पत्र या जोडीबद्दल आहे.

टर्फेनाडीन ही ॲलर्जीची गोळी अमेरिकेत 1985 साली आली. तिने झोप येत नसे. रात्री ट्रॉलर हाकणाऱ्या तांडेलाला शिंकांवर अशीच गोळी हवी असते. लिव्हरमध्ये तिचं लगेच दुसऱ्या पदार्थात रूपांतर व्हायचं आणि खरं काम तो पदार्थ करायचा. सोबत बुरशीवरचं केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक गेलं की हे रूपांतर अडायचं, मूळ औषध रक्तात साचायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे. काहींचा त्यात जीव गेला. अमेरिकेच्या बाजारातून ती 1998 मध्ये गेली, तिच्यासारखीच ॲस्टेमिझोल 1999 मध्ये. आपल्याकडे दोन्हींवर बंदी आली मार्च 2003 मध्ये. मधली वर्षं आपणच मोजा. लिव्हर बनवायचं तो पदार्थ म्हणजे फेक्सोफेनाडीन. ते आज डॉक्टर सर्रास लिहून देतात.

बंदीबद्दल तक्रार नाही. पण धोका नुसत्या गोळीत नव्हता, जोडीत होता, आणि जोड्या आजही आहेत. ॲलर्जीवरची एबास्टिन घेणाऱ्याला केटोकोनॅझोल देताना आजही जपावं लागतं. आता जपायचं म्हणजे माणूस आधी काय घेतोय ते कळायला हवं ना?

परवा एक काकू दोन गोळ्यांचा तुकडा घेऊन आल्या. गणपतीत आलेला मुलगा मुंबईहून ठेवून गेला होता. कात्रीने नाव मधोमध कापलेलं. शिल्लक होतं फक्त ‘डीन’. फेक्सोफेनाडीन ॲलर्जीची, रॅनिटिडीन ॲसिडिटीची, दोन्हींच्या शेवटी डीनच. बॅच नंबर आणि एक्सपायरी दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे मुंबईतल्या कुठल्या तरी दुकानात. मी ‘या घेऊ नका’ एवढंच सांगू शकलो.

स्ट्रिपवर काय छापायचं हे केंद्र ठरवतं, ठाऊक आहे. प्रत्येक गोळीमागे औषधाचं नाव आणि एक्सपायरी हवी, हा आग्रह आपण दिल्लीत धरा. राज्याच्या हातातलं मात्र आत्ताच करता येईल: स्ट्रिप कापून दिली तर कागदी पाकिटावर नाव, बॅच, एक्सपायरी मराठीत लिहून देणं दुकानदाराला सक्तीचं करा. औषधाचा त्रास कळवायचा 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक रंगवा.

आमचेच धंदेवाले पाकिटांच्या खर्चावरून कुरकुरतील. त्यांचं फार मनावर घेऊ नका. पिशव्या ते फुकटच देतात. आदेश तेवढा मिरगाच्या आत निघू दे.

आपला,
गुहागर तालुक्यातील एक औषध विक्रेता