सात मासे, शहाण्णव तास

नागपूर,
आषाढ शुद्ध नवमी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावलं नसतं, म्हणून हे पत्र. डब्यावरचा त्रिकोण निळा, दुकानदार म्हणतो मध्यम आहे, आणि आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलंय की माशांना विषारी, तळ्यात जाऊ देऊ नये. खरं कोणाचं धरायचं? दोघांचंही. त्रिकोण माशांसाठी नसतोच. औषध पोटात किंवा कातडीवाटे गेलं तर माणसाला किती घातक, हे तो सांगतो, आणि तो अंदाज उंदरांवरच्या चाचणीतून येतो. निम्मे उंदीर मरायला वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत औषध पोटात जाणं पुरलं तर त्रिकोण लाल, ५१ ते ५०० लागलं तर पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून जास्त लागलं तर हिरवा. मासा या हिशोबात कुठेच नाही. त्याचा हिशोब वेगळा, तो काचेच्या टाकीत होतो आणि चार दिवस चालतो.

आई, तू म्हणालीस की जिवंत मासे विषात सोडून बघायचं, त्यात शिकण्यासारखं काय असतं! विष घालणं दहा मिनिटांचं काम आहे. बाकीचे पंधरा दिवस एकच खटपट चालते: ज्या टाकीत विष घातलेलं नाही, तिच्यातले मासे जगले पाहिजेत. त्या टाकीला आम्ही कंट्रोल म्हणतो. तिच्यातले दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले, किंवा टाकीत दहापेक्षा कमी मासे असताना एकाहून जास्त मेला, तर सगळी चाचणी रद्द. कारण मग शेजारच्या टाकीतले मासे औषधानं मेले की आमच्या हलगर्जीपणानं, हे कोणी सांगू शकत नाही.

हलगर्जीपणाला वाटा पुष्कळ. पहिली वाट पाण्याची. नळाला येणारं पेंचचं नाहीतर कन्हानचं पाणी आपल्याला प्यायला चांगलं, कारण त्यात क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरावं असं मानक आहे. तेवढं क्लोरीन माशाचे कल्ले जाळायला पुरतं. म्हणून पाणी कोळशाच्या गाळणीतून काढायचं किंवा सोडियम थायोसल्फेटनं क्लोरीन मारायचं, मग दिवसभर हवा सोडायची आणि तरीही वापरण्याआधी क्लोरीन तपासायचं. बोअरचं पाणी घ्यावं तर त्यात क्षार फार. कठीणपणा लिटरला १० ते २५० मिलिग्रॅम आणि पीएच ६ ते ८.५ यांच्या आत हवा, आणि आपल्याकडचे कितीतरी बोअर ही कठीणपणाची हद्द ओलांडतात. अशा कठीण पाण्यात तांबं, जस्त यांसारख्या धातूंचं विष बोथट होतं. चुकीच्या पाण्यात मासे मरत नाहीत, उलट जगतात, आणि आकडा खोटा चांगला येतो. ही चूक लवकर सापडत नाही, म्हणून ती मला सगळ्यांत वाईट वाटते.

दुसरी वाट उन्हाची. सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प) असो की झेब्रा मासा, २१ ते २५ अंशांच्या आसपासचं एक तापमान ठरवायचं आणि चारही दिवस ते दोन अंशांच्या आत राखायचं. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. कूलरनं भागत नाही, एसीच लागतो, आणि डिसेंबरच्या रात्री हीटर. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. २३ अंशांना समुद्रकाठी लिटरभर पाण्यात साधारण ८.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणून इथे ८.३ च्या आसपास. नियम म्हणतो साठ टक्क्यांच्या खाली जायचं नाही, म्हणजे इथे ५ मिलिग्रॅम ही लक्ष्मणरेषा. वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि रात्री कोणाच्या लक्षात आलं नाही, की सकाळी आकडा खाली आलेला. म्हणून एसीला जनरेटर नसला तरी चालेल, पण पंपाला इन्व्हर्टर हवाच, असं माझं मत आहे. तापमान चढायला तास लागतात, मासे भरलेल्या टाकीतला प्राणवायू त्याआधीच उतरतो.

बाकीच्या वाटा घरगुती आहेत. साबणाचा हात, फिनाइलनं पुसलेली फरशी, खोलीत लावलेलं डासांचं मशीन (त्यातलं औषध पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या घराण्यातलं, तुमच्या डब्यातलंही बहुधा त्यातलंच), एका टाकीतून दुसरीत फिरणारी जाळी, तांब्याची नळी. सगळ्यांचा शेवट कंट्रोलमधले मासे उलटे होण्यात.

मासे घेताना एकाच ठिकाणची, एकाच वयाची बोटुकली घ्यायची. सायप्रिनस दोन ते चार सेंटिमीटरचं. पहिले ४८ तास त्यांना नुसतं स्थिरावू द्यायचं, मग सात दिवस मोजायचं. या सात दिवसांत पाच टक्क्यांहून कमी मेले तर मासे घ्यायचे, पाच ते दहा टक्के मेले तर आणखी सात दिवस थांबायचं, दहा टक्क्यांच्या वर गेले तर अख्खी खेप नाकारायची. पैसे गेले म्हणून हळहळ वाटते, पण आजारी माशांवर काढलेला आकडा त्या आजाराचा असतो, औषधाचा नव्हे. चाचणीच्या २४ तास आधीपासून खाणं बंद. भरल्या पोटाचा मासा घाण करतो, घाणीतून अमोनिया होतो आणि औषधही त्या घाणीला चिकटून बसतं.

आता टाक्या. मुख्य चाचणीत निदान पाच मात्रा आणि एक कंट्रोल, दर टाकीत निदान सात मासे. म्हणजे कमीत कमी बेचाळीस. एका मात्रेहून पुढची २.२ पटींपेक्षा जास्त मोठी नको. समजा १, २, ४, ८, १६ मिलिग्रॅम लिटरला. कुठून सुरुवात करायची हे कळावं म्हणून आधी दोन-तीन मासे घेऊन ०.१, १, १०, १०० अशी ढोबळ चाचणी करतात. पाणी न वाहणाऱ्या टाकीत लिटरमागे ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त मासा नको. एकेक ग्रॅमची सात पिल्लं म्हणजे सात ग्रॅम, सातला ०.८ नं भागलं की ८.७५ लिटर, म्हणून दहा लिटरची टाकी. कोणता मासा कोणत्या टाकीत जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. जाळीत आधी सापडतो तो सुस्त मासा, आणि पहिली टाकी नेहमी कंट्रोलची धरली तर सगळे सुस्त तिथेच जमतात. वर जाळी बांधायची, सायप्रिनस उड्या मारतो.

औषध पाण्यात विरघळत नसेल तर खरी कटकट. ते अॅसिटोनसारख्या द्रावकात घ्यावं लागतं, पण द्रावक लिटरला ०.१ मिलिलिटरहून जास्त नको. सगळ्या टाक्यांत ते सारखंच, आणि नुसतं द्रावक घातलेली आणखी एक टाकी कंट्रोलच्या जोडीला ठेवायची. विरघळलं नाही तर पाण्यात थेंब तरंगतात, कल्ल्यांवर बसतात आणि मासा गुदमरून मरतो. ते विषानं मरणं नव्हे. काही औषधं काचेला चिकटतात, काही हवेबरोबर उडतात, काही पाण्यातच फुटतात. म्हणून जितकं घातलं तितकंच पाण्यात आहे, हे गृहीत धरत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी पाण्याचा नमुना काढून यंत्रावर मोजतात. घातलेल्या मात्रेच्या ८० ते १२० टक्क्यांत नसेल तर हिशोब मोजलेल्या आकड्यावर करायचा. दहा घातलं, मोजलं तर चारच निघालं आणि तरी निम्मे मासे मेले, तर औषध वाटलं त्याहून अडीच पट विषारी ठरतं. मोजमाप न केलेला अहवाल कोणी पुढे केला तर मी तो वाचायलाही घेणार नाही. अशा औषधांसाठी दर २४ तासांनी पाणी बदलतात, किंवा पाणी सतत वाहतं ठेवतात.

मासे सोडल्यावर पहिल्या काही तासांत वारंवार बघायचं, मग २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना नोंद. मेला कधी म्हणायचं? कल्ल्यांची हालचाल नाही आणि शेपटीच्या बुडाला काचेच्या कांडीनं हलकं डिवचलं तरी प्रतिसाद नाही, तेव्हा. मेलेला लगेच काढायचा, नाहीतर तो पाणी नासवतो. पण मेल्यापेक्षा जिवंत मासा जास्त बोलतो. वर येऊन तोंड उघडत असेल तर कल्ल्यांवर किंवा प्राणवायूवर संशय घ्यायचा. वेड्यासारखा पळून मग झटके देत असेल तर पायरेथ्रॉइडची खूण. कलंडणं, अंग काळवंडणं, कोपऱ्यात घोळका करणं, सगळं लिहायचं. ही चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०३ क्रमांकाच्या पद्धतीनं होते; २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा झाली, तेव्हापासून या खुणांवर जास्त भर आहे.

वरच्या पाच टाक्यांत समजा सातपैकी ०, ०, २, ६, ७ मासे मेले. मग निम्मे मरण्याची मात्रा ४ आणि ८ च्या मधे, साधारण ५ येते. हाच तो एलसी-५०. मधली एकही टाकी अर्धवट मेली नाही, म्हणजे ५ ला सगळे जगले आणि १० ला सगळे मेले, तर दोघांचा गुणाकार ५० आणि त्याचं वर्गमूळ ७. काम भागतं, पण ढोबळच; खरा आकडा ५ ते १० मधे कुठेही असू शकतो. आणि १०० मिलिग्रॅमलाही सातच्या सात जगले तर पुढे जायचंच नाही. निम्मे मारणारी मात्रा १०० किंवा त्याखाली असती तर सातही जण वाचणं म्हणजे सात वेळा नाणं उडवून सातही वेळा छापा येण्यासारखं, फार तर १२८ मधे एकदा. मासे वाचवायचा तो सोपा मार्ग.

आई, वाचवायचा विषय निघालाच आहे तर हेही. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घेतल्याशिवाय एक मासा टाकीत जात नाही. झेब्रा माशाच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर ९६ तासांची चाचणी २०१३ पासून आहे, आणि माशाच्या कल्ल्यांच्या पेशींवरची २०२१ पासून. त्यात पोहणारा मासा लागत नाही. नोंदणीसाठी सगळीकडे त्या अजून चालत नाहीत, पण आधी तिथे अंदाज घेऊन मग मासे कमी वापरता येतात. बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याला मात्र नियम जुना आणि सरळ आहे: पाणी पातळ न करता त्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी ९० टक्के जगले पाहिजेत.

बाबा, आता आपल्या बोडीचं, शेतातल्या त्या तळ्याचं. सायपरमेथ्रीन या पायरेथ्रॉइडचा एलसी-५० पुष्कळ माशांसाठी लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढाच असतो, काहींसाठी एकाहूनही कमी. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आपली बोडी वीस बाय वीस मीटर आणि मीटरभर खोल धरली तर पाणी चार लाख लिटर. त्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम व्हायला ०.४ ग्रॅम औषध पुरे. दहा टक्क्यांच्या डब्यातले हे ४ मिलिलिटर झाले, चमचाभरही नाही. बोडीच्या तळाचा गाळ बरंचसं औषध धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात मासे थोडे जास्त सोसतात. प्रयोगशाळेतलं पाणी मुद्दाम नितळ असतं. पण एलसी-५० ही सुरक्षित मर्यादा समजू नका, तिथे निम्मे मेलेले असतात. युरोपात कीटकनाशकांना मंजुरी देताना पहिल्या पायरीवर त्या आकड्याला १०० नं भागतात आणि पाण्यात येणारी मात्रा त्याखाली आहे का बघतात. शिवाय हा चार दिवसांचा हिशोब. महिनाभर थोडं थोडं झिरपत राहिलं तर काय, हे तो सांगत नाही.

तेव्हा फवाऱ्याचा पंप बोडीत धुऊ नका, बोडीतून बादलीनं पाणी घेऊन बांधावर लांब धुवा, आणि ते धुवण वावरातच फवारून टाका. रोवणीनंतर फवारलं की बांधीचं पाणी निदान आठवडाभर बोडीत सोडू नका, आणि आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी फवारूच नका. ढिवरांनी यंदा बोटुकली कधी टाकली ते विचारून ठेवा. तेवढीच लहान पिल्लं आम्ही टाकीत वापरतो.

डब्यातल्या त्या कागदाचा फोटो पाठवा. औषधाचं नाव आणि टक्के दिसतील असा काढा, त्रिकोणाचा नको.

तुमची,
लेक