तासिलीच्या चित्रांवर पाणी ओतू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्जीरियाच्या आग्नेय भागात, सहारा वाळवंटात, तासिली नाज्जेर हे वालुकाश्माचे विस्तीर्ण पठार आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याचे आठ जण जानेत गावाहून तिथे चढून गेलो आणि सहा रात्री तंबूत राहिलो. तिथल्या एका प्रसंगामुळे आपल्याला हे पत्र लिहावेसे वाटले.

वर जाणारी वाट इतकी उभी आहे, की सामान गाढवांवर लादावे लागते, आणि स्थानिक तुआरेग जमातीच्या वाटाड्याशिवाय कोणाला जाऊ देत नाहीत. माथ्यावर झिजलेल्या सुळक्यांचे जंगल आहे. सुळक्यांमधल्या गल्ल्या वाळूने भरलेल्या आहेत आणि त्यांच्या तळाशी असलेल्या कपारींत गुरांचे कळप, जिराफ, धनुष्य ताणून धावणारी माणसे रंगवलेली आहेत. सहारात गवत आणि पाणी होते त्या काळातली. युनेस्कोने १९८२ साली जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या या प्रदेशात १५,००० हून अधिक चित्रे व कोरीव आकृत्या असून त्यांची सुरुवात इ. स. पूर्व ६००० च्या सुमाराची मानली जाते.

तिसऱ्या दिवशी सेफार येथे एका कपारीतली गुरे पाहत असताना, धुळीमुळे फोटोत रंग उठत नाहीत म्हणून आमच्या एका सोबत्याने बाटलीतले पाणी भिंतीवर शिंपडले. क्षणात एका गाईची तांबडी पाठ आणि शिंगांची कमान इतकी लखलखीत उमटली, की आम्ही सगळेच पुढे सरकलो. वाटाड्याने धावत येऊन त्याचा हात धरला. तो रागावला नाही. भिंतीला बोट न लावता त्याने शेजारची जागा दाखवली. तिथे पांढुरक्या कडेचा एक डाग होता आणि त्या डागात निम्मीच उरलेली गाय होती.

पाण्याने धूळ पारदर्शक होते आणि गेरूचा रंग घटकाभर ताजा दिसतो. पण ते पाणी दगडात मुरते, तिथले क्षार विरघळवते आणि सुकताना त्यांना पृष्ठभागावर घेऊन येते. तिथे क्षारांचे स्फटिक वाढले की वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ही चूक आपल्यापासून सुरू झालेली नाही. १९५६ साली फ्रेंच संशोधक आंरी लोत यांचे पथक चित्रांच्या नकला करण्यासाठी इथे आले, तेव्हा त्यांनीही चित्रे ओल्या स्पंजाने पुसली होती. त्या नकलांमुळे तासिली जगाला ठाऊक झाले, पण मूळ चित्रांचे जे नुकसान झाले ते भरून निघालेले नाही.

आपल्याकडच्या मंडळींना ही सवय कुठून लागते, हे मला माहीत आहे, कारण कोकणच्या सड्यावर कातळशिल्पांच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून मीही पाणी ओतलेले आहे. जांभ्यात खोल कोरलेली रेषा त्याने पुसली जात नसेल, पण रंगवलेल्या चित्राचे तसे नाही. शिवाय तासिलीचे संरक्षित क्षेत्र ७२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पावपट. तिथे प्रत्येक कपारीपाशी पहारेकरी उभा करता येणार नाही. येणाऱ्याच्या वागण्यावरच सगळे अवलंबून आहे.

म्हणून इथून मोहिमा नेणाऱ्या संस्थांनी निघण्यापूर्वीच्या लेखी सूचनांत, झोपण्याची पिशवी आणि औषधे यांच्या बरोबरीने, चित्राला पाणी किंवा हात लावायचा नाही आणि कपारीत चूल पेटवायची नाही, हे स्पष्ट लिहावे. आमच्या सूचनापत्रात हे नव्हते.

आपल्यालाही एक विनंती आहे. भिजवलेले चित्र छायाचित्रातही बहुधा ओळखता येते: आकृतीभोवतीचा खडक बाकीच्या भिंतीपेक्षा गडद असतो आणि खाली ओघळ दिसतात. असे छायाचित्र आपल्या पर्यटन पुरवणीकडे आले, तर ते कितीही सुंदर असले तरी छापू नये.

आपला,
एक वाचक, पुणे