‘नुसतं बोल्ट मारा’ म्हणालात, केबिन २४ मिमी मागे बसते ते कोण सांगणार?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या ट्रकची केबिन दुसऱ्या गाडीच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बसवायच्या तुमच्या माउंट किटबद्दल, म्हणजे ब्रॅकेट, बोल्ट आणि रबरांबद्दल, तक्रार (दुसऱ्यांदा)

नमस्कार,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं, “होल थोडं लांबट करून घ्या, बसेल.” खरं सांगतो, किट चुकलंय म्हणून जेवढा वैतागलो नव्हतो ना, तेवढा या एका ओळीने वैतागलो. म्हणून हे दुसरं पत्र, आणि यावेळी सगळं मोजून मापून लिहितोय, जरा मोठं होईल, पण कृपा करून ज्याने ते ब्रॅकेट डिझाइन केलंय त्याच्यापर्यंत पोचवा, फोन उचलणाऱ्या पोराला यातलं काही कळणार नाही आणि त्या बिचाऱ्याची चूकही नाही.

माझ्याकडे १९४९ ची शेवर्ले ३१०० ची केबिन आहे, तीच गोल गोल बॉनेटवाली. खाली शेवर्लेच्याच नंतरच्या एस-१० या छोट्या पिकअपची, लांब हौद्याची चासी. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, दोन्ही चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन, म्हणजे रूप आजोबांचं आणि पाय नातवाचे, एवढाच सगळा हेतू. तुमच्या माहितीपत्रकात ही जोडी नाव घेऊन लिहिलीय आणि पुढे ठळक अक्षरात “कापाकापी नाही, नुसतं बोल्ट मारा”. त्या एका वाक्यावर मी किट घेतलं.

आता तुम्ही म्हणाल की केबिन उतरवतानाच वाकवली असेल. नाही वाकवली. उतरवायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे आणि तिरपे पाइप वेल्डिंग करून घेतले होते, खालचा पत्रा गंजलेला होता तो भाग आधी नवा केला, मगच उचलली. चासी वाकडी असेल म्हणाल तर तेही तपासलंय. चार घोड्यांवर (स्टँडवर) लेव्हल करून उभी केली, ओळंबा सोडून एकेक पॉइंट जमिनीवर उतरवला, खडूने रेघा मारल्या आणि कर्ण मोजले, दोन कर्णांत फरक आला २ मिमी. एवढ्या जुन्या गाडीतून काढलेल्या चासीला २ मिमी म्हणजे मी तर पेढे वाटायला निघालो होतो.

मग तुमचे ब्रॅकेट तुमच्याच कागदातल्या मापावर लावले, नुसते टॅक (ठिपक्यांएवढं कच्चं वेल्ड) मारून. केबिन ठेवली, पुढचे मडगार्ड आणि बॉनेट हलकेच अडकवले, चाकं लावली आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध नाही! आधी वाटलं डोळ्यांचा भास, मग टेप लावला. टायरच्या पुढे ६२ मिमी जागा आणि मागे ११० मिमी. म्हणजे फरक ४८ चा, म्हणजे चाक मध्यापासून २४ मिमी पुढे, म्हणजेच केबिन आणि तिच्यासोबत सगळं नाक २४ मिमी मागे बसलंय. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की टायरचा कोपरा मडगार्डच्या पुढच्या काठाला घासतो, तेही गाडी उंच असताना, पूर्ण वजन बसून स्प्रिंग दबले की काय होईल ते तुम्हीच सांगा.

हे मी तुम्हाला पहिल्यांदा कळवलं आणि तुम्ही ते लांबट होलाचं उत्तर पाठवलंत. बरं. त्या रात्री झोप लागेना म्हणून कागद घेऊन बसलो. माझ्या जुन्या ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधलं अंतर, ११६ इंच. एस-१० लांब हौद्याचा ११७.९ इंच. फरक १.९ इंच, म्हणजे ४८ मिमी. आणि ४८ चं अर्धं किती? २४!

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. ही चूक नाहीच. तुमच्या माणसाने मुद्दाम तो फरक अर्धा पुढे आणि अर्धा मागे वाटून टाकलाय. खात्री करायला मागचा हौदा सहज वर ठेवून बघितला, तर मागचं चाक बरोबर २४ मिमी मागे. म्हणजे डिझाइन करणाऱ्याला व्हीलबेस जुळत नाही हे पक्कं ठाऊक होतं, त्याने हिशोब केला, ब्रॅकेट त्याप्रमाणे बनवलं आणि कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. चूक एखाद्याची होते, मी समजू शकतो, पण हे तर माहीत असून गिळलेलं आहे. माझी मुख्य तक्रार हीच आहे, बाकीचं पुढे येईल ते त्याच्या खालचं.

बरं वाटणीचा विचार तरी केला असता. मागचं चाक जागेवर फिरतं, ते वळत नाही, तिथे थोडं मागेपुढे चालून जातं, आणि सुधारायचं असेल तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर पुढे सरकवून अख्खा अॅक्सल ४८ मिमी पुढे घेता येतो, मागच्या चाकांना जोर पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढाच छोटा करून घ्यायचा आणि बॅलन्स करून आणायचा की झालं. नाहीतर हौद्याला बाहेरून लावलेले मागचे मडगार्ड सरकवायचे. हे सगळं काम मागे होतं, कुणाला दिसत नाही. पुढचं चाक मात्र वळतं, खाली वर होतं, आणि बघणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाते. म्हणून पुढे एक मिलीमीटरसुद्धा उधारी नको, सगळा फरक मागे ढकलायचा, हे माझ्यासारख्या हौशी माणसाला एका रात्रीत कळलं. तुम्हाला निदान दोन पर्याय लिहून देता आले असते, हे घ्या नाहीतर ते घ्या, मी निवडलं असतं. आणि आखूड हौद्याची १०८.३ इंचाची चासी पण तुमच्या यादीत “फिट” म्हणून आहे! तिथे तर ७.७ इंच कमी पडतात, ते अर्धे अर्धे वाटणार आहात का? तो ग्राहक तर चासी मधून कापून लांब केल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही आणि तुम्ही त्याला कापाकापी नाही म्हणून सांगताय.

आता त्या लांबट होलाबद्दल. केबिनचा माउंट म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर नाही हो, खिळा इकडे तिकडे सरकवला तरी चालतंय असं. गोल होलात बोल्ट आपल्या जागेवर राहतो, लांबट केलं की सगळी भिस्त आवळण्यावर. त्यात मध्ये रबर. जोरात ब्रेक मारला की अख्खी केबिन, आत बसलेली माणसं धरून, पुढे सरकायला बघणार. आणि २४ मिमी म्हणजे काय थोडं लांबट? बोल्टच्या जाडीच्या दुप्पट झाला तो, होल कसलं, खिडकी होईल ती.

मागच्या माउंटची कथा वेगळीच. चारही बोल्ट आवळले आणि डावं दार लावायला गेलो तर नेहमीचा तो ‘टक्’ आवाज येईना, दार वरच्या मागच्या कोपऱ्यात टेकायला लागलं. आवळायच्या आधी तिथे ५ मिमी फट होती, आता २. उजव्या मागचा बोल्ट सैल केला, फट परत ५. आवळला, परत २. हे मी सात आठ वेळा केलं, घरातले हसायला लागले, की हा माणूस दुपारभर एकच दार उघडतोय आणि लावतोय. शेवटी सुतळी ताणून बघितलं तर उजवं मागचं ब्रॅकेट ४ मिमी खाली. बोल्टने केबिनचा तो कोपरा खाली ओढून धरला होता, म्हणजे माझी पंचाहत्तरी ओलांडलेली केबिन पिळली जात होती आणि दार ते सांगत होतं. मी शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) टाकून तात्पुरतं भागवलंय, पण चासी ही चालताना पिळणारच, तिचा तो धर्मच आहे, आणि केबिन हा पत्र्याचा डबा, तो पिळला की आधी दारं अडकतात मग विंडस्क्रीनच्या कोपऱ्याला तडे. म्हणून तर माझ्या जुन्या केबिनला मागे मूळ कंपनीने हलणाऱ्या कड्या दिल्या होत्या, चासी खाली वळवळली तरी केबिनला त्रास नको म्हणून. त्या काळी ज्यांना हे सुचलं त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

रबरांचं पण बघा. पाकिटात आठ रबर बुश, चार बोल्ट, आणि बुशच्या आतली लोखंडी स्लीव्ह फक्त दोन. ती स्लीव्ह कशासाठी असते हे पॅकिंग करणाऱ्याला माहीत नसेल तर सांगतो, बोल्ट आवळत गेलं की एका जागी वॉशर स्लीव्हवर टेकतो आणि आवळणं थांबतं, रबर पाहिजे तेवढंच दबतं. स्लीव्ह नसली की पाना फिरतच राहतो, रबर चपाती होतं, आणि रबर असून नसल्यासारखं. मी ज्या दोन ठिकाणी स्लीव्ह नव्हती तिथली रबरं काढून बघितली, एका दिवसात बाजूने फाटलेली. फोटो नंबर ६ आणि ७.

वेल्डिंगबद्दल तुमच्या कागदात लिहिलंय “ब्रॅकेट सर्व बाजूंनी पूर्ण वेल्ड करावे”. आमच्या वेल्डरकाकांनी हे वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, “हे कुणी लिहिलंय त्याला आधी चासी दाखवा.” त्यांचं म्हणणं सरळ आहे, रेलच्या (चासीच्या लांब लोखंडी पट्टीच्या) वरच्या आणि खालच्या काठावर आडवं वेल्ड मारायचंच नाही, ताण सगळा तिथेच असतो, तिथे उष्णतेने पत्रा बदलला की पुढे कधीतरी त्याच रेघेवर चीर जाते. जे काय मारायचं ते रेलच्या उभ्या बाजूवर. आणि मुळात मला प्रश्न असा पडलाय की नुसतं बोल्ट मारायचं किट होतं तर वेल्डिंगची सूचना आली कुठून? माहितीपत्रक लिहिणारा आणि सूचना लिहिणारा एकमेकांना कधी भेटलेत का?

स्टिअरिंगचं थोडक्यात. केबिन मागे गेल्यामुळे कॉलम पण मागे आणि तुमच्या किटसोबत आलेला, कॉलम आणि स्टिअरिंग बॉक्स जोडणारा मधला शाफ्ट आखूड पडला. तो ताणून बसवला तर स्प्लाइन (शाफ्टचं दातेरी टोक) फक्त बोटाच्या पेराएवढी आत राहते, हे चालणार नाही, मी सोडून दिलं. दुसरा लांब शाफ्ट आणला तर आता केबिन पुढे घेतल्यावर तो जास्त होणार. म्हणजे दोन शाफ्ट माझ्याकडे, एक आत्ता कामाचा नाही आणि दुसरा नंतर. सिंगल जॉइंटचा कोन ३५ अंशांच्या वर न्यायचा नाही आणि तीन जॉइंट झाले की मध्ये सपोर्ट बेअरिंग लागतंच, एवढं तरी तुमच्या कागदात हवं होतं, मला ते दुसरीकडून शोधावं लागलं.

आणि एक बारकी गोष्ट, बारकी म्हणजे माझे दोन दिवस गेले एवढी बारकी. केबिन रबरांवर बसली की ती चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटते, इंजिन ते केबिन आणि केबिन ते चासी अशी जाड अर्थची पट्टी द्यावीच लागते. तुमच्या सूचनांत अर्थिंग हा शब्दच नाही. लाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर जायचा, हॉर्न दाबला की पेट्रोलचा काटा नाचायचा, मी सेन्सर बदलले, वायरिंग उसवलं, आणि शेवटी एक जंपर केबल इंजिनाला आणि केबिनला लावली तेव्हा सगळे काटे शहाण्यासारखे बसले. एक पट्टी आणि सूचनेत एक ओळ, बस.

मला काय पाहिजे ते सांगतो. पुढचे दोन ब्रॅकेट नवे, ज्यात केबिन २४ मिमी पुढे येईल आणि चाक कमानीत मधोमध बसेल, मागचं मी बघून घेतो, अॅक्सल सरकवायची तयारी आहे माझी. उजवं मागचं ब्रॅकेट बदलून, बाकीच्या तिघांसोबत एका जिगवर (मापाच्या साच्यावर) ठेवून तपासलेलं. चार स्लीव्ह आणि रबरांचा नवा सेट. दुसऱ्या शाफ्टचे पैसे परत, ते तुमच्या मापावर विश्वास ठेवून गेले. आणि एक कागद, ज्यात प्रत्येक होलाचं माप पुढच्या अॅक्सलच्या सेंटरपासून दिलेलं असेल, कुठल्याशा क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) बोल्टपासून नाही, कारण तो बोल्ट प्रत्येक चासीत मिलीमीटर दोन मिलीमीटर इकडे तिकडे असतो आणि चाक मात्र अॅक्सलवरच असतं.

पूर्ण किट परत घ्या असं मी म्हणत नाही, लोखंड जाडजूड आहे, लेझर कटिंग सुरेख आहे, पावडर कोटिंगला नाव ठेवायला जागा नाही. म्हणून तर जास्त राग येतो, एवढी चांगली वस्तू आणि त्यावर अर्धवट खरं बोलणारा कागद.

केबिन सध्या टॅकवर आहे, पक्कं वेल्ड मी मारू दिलेलं नाही आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मारू देणारही नाही. वेल्डरकाका रोज विचारतात, “आलं का तुमचं होल?” त्यांना काय सांगू ते कळवा. उत्तर डिझाइनवाल्याचं असू द्या आणि त्यात “लांबट” हा शब्द नको.

सोबत: फोटो १ ते ११, जमिनीवरच्या खडूच्या रेघांचा मापांसह नकाशा, खरेदीची पावती, आणि तुमचं ते एका ओळीचं उत्तर.

कळावे,
तुमचा ग्राहक, अजून तरी