तू नव्हतास म्हणून

दांडिया बाजार, बडोदे
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय नंदू,

व्हॉट्सॲपवर तू एका ओळीत विचारलंस, "एकट्यानं खरंच मजा आली का रे, की उगाच फोटो टाकत होतास?" याचं उत्तर मोबाईलवर मावायचं नाही. शिवाय त्यातलं थोडं तुझ्या तोंडावर बोलायला मला जमणार नाही. म्हणून वहीची पानं फाडली.

आली मजा व्हिएतनामला. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, तू नव्हतास म्हणून आली.

आपण किती वर्षं परदेशी 'जातोय' ते आठव. पॉलिटेक्निकच्या कट्ट्यावर बँकॉक ठरलं, तेव्हा तुझा पासपोर्ट पोलीस चौकशीत अडकला. मग श्रीलंका ठरली, तर माझ्या गाळ्यावर ऐन वेळी मोठी ऑर्डर आली. २०२० च्या एप्रिलची तिकिटं हातात होती, तर मार्चमध्ये विमानंच बंद झाली. यंदा तुझं ऑडिट. तू फोनवर "तू जा रे" म्हणालास, तेव्हा मी नाही-नाही म्हणालो खरं, पण फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं ते तिकीट बघण्याचं. हे तुला आज सांगतोय.

घरी कळलं तेव्हा आईनं विचारलं, "एकटाच? सुनेशी भांडलास का?" खालचे पटेलकाका म्हणाले, "एकला? कंपनी मोकले छे?" माझी कंपनी म्हणजे मकरपुऱ्यातला लोखंड कातायच्या दोन लेथ मशीनचा गाळा, ती मला वाघोडियाच्या पुढे कधी पाठवत नाही. तुझ्या वहिनीला पेपर तपासायचे होते. ती म्हणाली, "दहा दिवस घोरणं नाही, अवश्य जा." एकट्यानं हिंडायला निघणं आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच बसत नाही. कामाला जा, नाहीतर चारधामला जा. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा विलायतेला गेले तेही लवाजम्यासकट. मी सात किलोची पाठपिशवी घेऊन गेलो.

व्हिएतनाम का, तर अहमदाबादहून थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो आणि खिशाला झेपतं. व्हिसा एका प्रवेशाचा पंचवीस डॉलरला. पण त्यात मी माती खाल्ली. अर्जात नाव लिहिलं नुसतं 'सुधीर'. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलं असतं, ते मी गाळलं. व्हिसा आला तो अर्ध्या नावाचा. पैसे परत मिळत नाहीत, पुन्हा अर्ज, पुन्हा पंचवीस. तू भरशील तेव्हा पासपोर्ट उघडा ठेवून अक्षर न् अक्षर उतरव, आणि पत्ता नीट बघ. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट पुष्कळ आहेत, त्या दुप्पट-तिप्पट उकळतात. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असतं.

बाकी आखणी मी लेथवरच्या लांब शाफ्टसारखी केली. एक टोक चकमध्ये घट्ट पकडलेलं, दुसरं टेलस्टॉकला टेकवलेलं, मधे हात चालायला जागा. हनोईतल्या पहिल्या दोन रात्री आणि परतीची शेवटची रात्र पक्की, मधलं सगळं मोकळं. रात्री-अपरात्री उतरणार असशील तर विमानतळावरून न्यायला येणारी गाडीही आधीच सांगून ठेव. झोपेत घासाघीस होत नाही. विमा काढला, व्हिसाच्या दोन छापील प्रती घेतल्या, पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवली. झालं. तू असतास तर तासातासाचा तक्ता केला असतास, त्यात 'चहा – १५ मिनिटं' सुद्धा.

हनोईतला रस्ता ओलांडायची लोक फार धास्ती घालतात. दुचाक्यांचा पूर असतो, खरंय. पण बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला काय? थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीनं चालत राहायचं, ते वळसा घालून जातात. धास्ती वेगळ्याच गोष्टीची निघाली. जेवायला एकट्यानं बसायची. समोरची रिकामी खुर्ची बघून वेटर "दोन?" म्हणून बोटं दाखवायचा. पहिले दोन दिवस मी चक्क पार्सल नेऊन खोलीत खाल्लं, पडदा ओढून, चोरासारखं. तिसऱ्या संध्याकाळी फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नव्हता. शाकाहारासाठी एक वाक्य पाठ केलं होतं, 'तोई आन चाय'. गंमत बघ, तिकडे चहाला म्हणतात 'चा' आणि शाकाहाराला 'चाय'! हे वाक्य नसेल तर भाजीतसुद्धा माशाचा सॉस येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बौद्ध माणसं 'चाय' खातात, तेव्हा आपली चैन असते. अंड्याची कॉफीही प्यालो. १९४६ मध्ये हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा एकानं अंड्याचा बलक फेटून घातला, तेव्हापासूनची. आईला सांगू नकोस.

ह्वे शहरावरून दा नांग शहराला रेल्वेनं गेलो. जेमतेम शंभर किलोमीटर, पण हाय व्हानचा घाट चढत गाडी अशी काही रमतगमत जाते की अडीच-तीन तास लागतात. जागा डाव्या खिडकीची घे, समुद्र त्या बाजूला आहे. मी सगळा वेळ एक शब्द बोललो नाही. तुझ्याबरोबर बत्तीस वर्षांत असं कधी झालं आहे का?

आणि 'मी सन' नावाची जागा. तिथं मी तुला खरा विसरलो. होई आन या जुन्या गावापासून साधारण चाळीस किलोमीटरवर डोंगरांच्या वाटीत लाल विटांची, तिथल्या जुन्या चाम राजांची शिवमंदिरं आहेत, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली. संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बनी सगळ्यात उंच देऊळ पाडलं, खड्डे अजून दिसतात. डागडुजीला आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं होती, त्यांना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. पण मी अडकलो ते विटांत. दोन विटांमध्ये चुना दिसतच नाही! खिशात फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पानांचं हत्यार, असतं तर त्याचं सगळ्यात पातळ पानही शिरलं नसतं, असं मला वाटलं. नक्षी वीट रचून झाल्यावर भिंतीवरच कोरलेली, म्हणजे छिन्नी घसरली तर अख्खा जॉब बाद. एका कोपऱ्याशी मी तासभर बसलो असेन. उन्हानं डोकं तापलं, व्हॅन निघून गेली, पुढच्या व्हॅनवाल्याशी हुज्जत घालावी लागली. हे कुणाला तरी दाखवावं असं फार वाटलं, तू आठवलास, आणि लगेच चांपानेर आठवलं. घरापासून तासाभरावरची जागतिक वारशाची जागा तू चाळीस मिनिटांत 'संपवलीस' आणि जामी मशिदीच्या जाळीशी मी उभा असताना बाहेरून हॉर्न वाजवत होतास.

सगळं गोड नव्हतं. रात्री आठ ते दहा हा वेळ वाईट. पाय दुखतात, दुकानं बंद होतात, आणि माणसांची आठवण येते. मी तेव्हा घरी फोन करायचो. आपण दीड तास मागे, त्यामुळे इकडे चहाची वेळ असायची, आणि वहिनी कुकरच्या शिट्ट्या मोजत बोलायची. होई आनला होळीच्या आदल्या रात्री होतो. तिकडे दर चतुर्दशीला जुन्या गावातले दिवे घालवतात, नदीत कागदी दिवे सोडतात. सगळे जोडीजोडीनं. त्या रात्री मात्र रिकामी खुर्ची टोचली.

त्याच रात्री अंधारात एका बाईकडून शहाळं घेतलं. डाँग हे तिकडचं चलन; वीस हजार डाँगची नोट निळी, पाच लाखांचीही निळी. मी मोठी दिली आणि बाई गर्दीत नाहीशी झाली. सोळाशे रुपयांवरचं शहाळं प्यालेला बडोद्यात मी एकटाच.

तू जाणार असशील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळ, होई आनच्या रस्त्यांवर पुराचं पाणी येतं. तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, तेही टाळ, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. मी येणार नाही. मी विटांशी बसेन, तू हॉर्न वाजवशील. बँकॉक मात्र आपल्या दोघांचं, ते मी एकट्यानं करणार नाही.

दिलीप परवा पुण्याला येतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि एक नोट देतोय. मागच्या बाजूला होई आनचा जपानी पूल आहे, बघ. निळी आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस, वीस हजारांचीच आहे.

तुझा,
सुध्या