गेलेल्या करंगळीची खाज

नौपाडा, ठाणे
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

वागळे इस्टेटमध्ये प्रेसखाली तुझी करंगळी गेली, त्या दिवाळीत तू म्हणाला होतास, "साली नसलेली करंगळी खाजते रे!" मी खो-खो हसलो होतो. आज कान पकडतो.

झालं असं, की पुतण्या कॉलेजातला व्हीआर हेडसेट (डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारं यंत्र) घरी घेऊन आला. मला डायनिंग टेबलाशी बसवलं, डोळ्यांवर डबा चढवला. आत तसंच टेबल आणि माझ्या हाताच्या जागी कुणाचातरी गोरापान हात. पुतण्याने कंट्रोलरला रबरबँडने ब्रश बांधला होता. तो माझ्या बोटांवरून फिरवला, की आतल्या हातावरही त्याच क्षणी ब्रश फिरायचा. दोनेक मिनिटांत तो परका हात माझा वाटायला लागला. मग त्यावर वरून सुरा पडला! मी असा हात ओढला, की आमटीची वाटी फरशीवर. बोलणी मलाच बसली, पुतण्याला नाही.

नंतर त्याने ब्रश जरा उशिरा दिसेल असं केलं. हात पुन्हा परका!

हे मूळ १९९८ सालचं. बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी खरा हात आडोशाला ठेवून, समोरच्या रबरी हातावर आणि खऱ्यावर एकाच वेळी ब्रश फिरवला होता. डोळे आणि कातडी एकच सांगू लागली, की मेंदू बिचारा मान डोलावतो.

वेदनेचंही तसंच काहीसं. सिअ‍ॅटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी भाजलेल्या पेशंटना जखमा साफ करताना हेडसेट लावला. आत बर्फाची दरी, पेंग्विनना बर्फाचे गोळे मारायचे. नेहमीची औषधं चालूच, पण लक्ष तिकडे गुंतल्यावर दुखणं कमी जाणवलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे दुखणं खोटं होतं असं नव्हे, हे मला आता कळतंय. तुला "मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावणाऱ्या डॉक्टरालाही कुणीतरी सांगायला हवं.

मद्रासला डॉक्टरी शिकलेल्या, मेंदूचा अभ्यास करणाऱ्या रामचंद्रन यांनी तर साधा आरसा वापरला. धडधाकट हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसलं, की काहींची आवळलेली, नसलेली मूठ सुटायची. सगळ्यांची नाही.

बंड्या, तेव्हा विचारायचं राहिलं : नेमकं कुठे खाजतं? पेराशी की नखाशी? आणि अजूनही? चिपळूणहून कधी येतोस ते कळव. पाच बोटांचा हात करून देतो म्हणतोय पुतण्या. तुझी करंगळी खाजवून बघू.

टेबलावर आमटी ठेवणार नाही.

तुझा,
सुध्या