‘चेअर’चे मूळ

महोदय,

मी सुतारकाम करतो. खुर्च्या जोडताना हात चालू असतो आणि डोक्यात शब्द घोळत असतात. ‘चेअर’ या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो, म्हणून हे पत्र.

ग्रीक ‘कथेद्रा’ म्हणजे बसण्याची जागा. तो लॅटिनमध्ये ‘कॅथेड्रा’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये घासला गेला आणि १३व्या शतकात इंग्रजीत ‘चेअर’ म्हणून आला. बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते ‘कॅथीड्रल’, तेही याच घरातले. विद्यापीठातल्या ‘चेअर’ला, म्हणजे एखाद्या विषयासाठीच्या प्राध्यापकपदाला, आपण ‘अध्यासन’ म्हणतो, हा प्रतिशब्द मला अतिशय नेमका वाटतो.

त्याआधी इंग्रजांकडे ‘स्टूल’ होता. राजाच्या आसनालाही तोच शब्द चाले. जर्मनमध्ये ‘श्टूल’ म्हणजे आजही साधी खुर्चीच. ‘चेअर’ आला आणि बिचाऱ्या स्टुलाची पाठ गेली, हातही गेले! पाठ बसवणे हे खुर्चीतले सर्वांत कठीण काम. कोन जरा चुकला की बसणाऱ्याची कंबर धरते. त्यामुळे शब्दांनी ही वाटणी नेमकी पाठीवरून केली, याचे मला मोठे अप्रूप आहे.

‘कथेद्रा’तल्या ‘हेद्रा’चे, म्हणजे आसनाचे, नाते संस्कृत ‘सद्’ (बसणे) या धातूशी आहे. ‘उपनिषद्’मध्ये, म्हणजे गुरूजवळ बसण्यात, तोच धातू आहे. भाषेचे शिक्षक हे वर्गात सांगतील तर मुले शब्दकोश आपणहून उघडतील. आपल्या दैनिकाने अशा शब्दकथांना आठवड्यातून एक चौकट द्यावी, ही विनंती.

आपला,
एक सुतार वाचक